देवमाशाचं मुखदर्शन

नानाच्या भाच्याने बोस्टनहून देवमाशाच्या शेपटीचा फोटो पाठवला आणि आमच्या ग्रुपवरची शांतता संपली. वर करडं आभाळ, खाली करडं पाणी आणि मधोमध एक काळी शेपूट. खाली भाच्याने अभिमानाने लिहिलं होतं, ‘हंपबॅक. आमच्या बोटीच्या अगदी जवळ.’ तिकडे म्हणे धक्क्यावरून रीतसर बोटी सुटतात, लाउडस्पीकरवर माहिती सांगतात आणि देवमासा दिसला नाही तर पुढच्या खेपेचं तिकीट फुकट देतात. हे शेवटचं दाजीला फार लागलं. ‘आपल्याकडे मासा दिसला नाही तर पैसे परत नाहीत,’ तो म्हणाला, ‘आणि दिसला तर किलोवर.’

आम्ही चौघे रुपारेलचे. कॉलेज सुटून जमाना झाला, पण वर्षातून एकदा एकत्र कुठेतरी जायचं आणि परतताना पुन्हा कधी एकत्र जायचं नाही असं ठरवायचं, हा नेम आम्ही मोडलेला नाही. नाना गिरगावचा. बँकेतून निवृत्त, पण अजून कोणतीही गोष्ट दोन सह्यांशिवाय करत नाही. गिरगावकर असूनही समुद्राशी त्याचे संबंध ताणलेले आहेत, कारण २०१३ च्या विसर्जनात चौपाटीवर पाकटांनी भक्तांच्या पायांना डंख मारले तेव्हा नाना गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याला काही झालं नाही, पण शेजारच्याला झालं ते त्याने पाहिलं. दाजी लालबागचा, मूळचा मालवणकडचा. समुद्र आपल्या रक्तात आहे हे तो इतक्यांदा सांगतो की त्याचं रक्त तपासायची वेळ येईल तेव्हा डॉक्टर मिठाचं पथ्य सांगतीलच. शैला दादरची. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे तिला मासा लॅटिनमध्येही कळतो आणि कालवणातही. राहिलो मी, परळचा. आमच्याकडे समुद्र नाही. जुलैत हिंदमात्याला जे साचतं त्यावरच आमची तहान भागते.

‘आपण का नाही जायचं?’ दाजीने विचारलं.

‘कुठे?’

‘देवमासा बघायला. आपल्याकडे काय समुद्र कमी आहे?’

शैलाने ग्रुपवर लिहायचं टाळून सरळ फोन केला, कारण दाजीला लिहिलेलं समजत नाही, तो फक्त अंगठा दाखवतो. तिने सांगितलं ते असं. मुंबईपुढचा समुद्र रुंद आहे पण उथळ आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने जिथे तेल शोधलं ते बॉम्बे हाय इथून साधारण १६० किलोमीटरवर आहे आणि तिथेही पाणी जेमतेम ७५ मीटर खोल. निळा देवमासा तीस मीटरपर्यंत वाढतो. म्हणजे तो बॉम्बे हायला शेपटीवर उभा राहिला तर अर्ध्याच्या जवळ पोचेल. एवढ्या पाण्यात त्याने यावं तरी कशाला? खाली दक्षिणेला सिंधुदुर्गापुढे गोष्ट वेगळी. तिथे २०१५ साली अभ्यासकांच्या बोटीला खरोखरच निळे देवमासे दिसले. ओमानच्या किनाऱ्यावर जिच्या पाठीवर यंत्र बसवलं होतं अशी लुबान नावाची एक हंपबॅक मादी तर अरबी समुद्र ओलांडून आपल्या बाजूला येऊन गेली. पण मुंबईकराला देवमासा भेटतो तो बहुतेक वेळा वाट चुकलेला नाहीतर मेलेला. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा किनाऱ्याला लागला. गावकऱ्यांनी आणि वनखात्याच्या माणसांनी त्याला पाण्यात लोटायची शिकस्त केली, तो वाचला नाही. जानेवारी २०१६ मध्ये जुहूला ब्राइड्स जातीचा भलामोठा देवमासा मेलेल्या अवस्थेत आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू अडकलं, लोकांनी जिवाचं रान करून त्याला समुद्रात नेलं, तरी ते गेलंच.

‘जुहूचा मी पाहिलाय,’ दाजी म्हणाला. ‘ऑफिसातून हाफ डे टाकून गेलो होतो. नाकाला रुमाल लावून.’

‘मग झालं की तुझं.’

‘तसं नाही. जिवंत पाहिजे.’

शेवटी शैलानेच मार्ग काढला. डॉल्फिन म्हणजे दात असलेला छोटा देवमासाच, एकाच खानदानातला. आणि तो मुंबईत राहतो. मलबार हिलखाली, वरळीपुढे, अगदी नानाच्या गिरगाव चौपाटीसमोरच्या खाडीत. २०२० च्या टाळेबंदीत मरीन ड्राइव्हवरून डॉल्फिन दिसले म्हणून केवढे व्हिडिओ फिरले होते. माणूस घरात बसला म्हणून निसर्ग परत आला, असं लोकांनी डोळे पुसत एकमेकांना पाठवलं. डॉल्फिन कुठूनही परत आले नव्हते. ते इथेच होते. आपल्याला खिडकीतून बाहेर बघायला पहिल्यांदाच सवड मिळाली होती.

दाजीने क्षणभर विचार केला. त्याची उभी हयात लालबागमध्ये गणपतीतल्या गर्दीला रांगेत लावण्यात गेली आहे, त्यामुळे जगातल्या सगळ्या दर्शनांची त्याच्याकडे एकच विभागणी आहे. ‘कळलं,’ तो म्हणाला. ‘देवमासा म्हणजे नवसाची रांग. चोवीस तास उभं राहा, पायाला हात लागला तर लागला. डॉल्फिन म्हणजे मुखदर्शनाची. लांबून का होईना, पण लवकर सुटतो माणूस. मुखदर्शन करू या.’

बोट मिळाली ती शैलाच्या पुण्याईवर. तिच्या घरी वर्षानुवर्षं मासळी देणाऱ्या मावशी वरळी कोळीवाड्याच्या. त्यांचे यजमान नाखवा. ‘पाहुणे म्हणून चला, तिकीट-बिकीट काय नाय,’ असा मावशींचा निरोप आला. मग नाखव्याने तारीख ठरवली. आम्ही म्हणत होतो रविवार, तो म्हणत होता एकादशी. तिथीची पाऊणपट केली की मुंबईत पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब कोळीवाड्यात पोराला बाराखडीच्या आधी येतो. अकराची पाऊणपट सव्वाआठ. पाणी चढत असताना निघायचं, उतरायला लागलं की परतायचं. उशीर झाला तर बोट चिखलात आणि पाहुणे बोटीत. दाजीने हे लगेच मान्य केलं. भरती कोणाची वाट पाहत नाही हे लालबागला कोणी सांगायला नको. २०२५ साली खुद्द लालबागचा राजा विसर्जनाला चौपाटीवर पोचून तासन्‌तास पाण्यात थांबला होता आणि आख्खी मुंबई टीव्हीसमोर. योगायोगाने एकादशी आणि रविवार एका दिवशी आले. सगळ्यांची सोय झाली, फक्त नानाची एकादशी असते हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

थंडीतल्या त्या पहाटे क्लीव्हलँड बंदरावर आम्ही जमलो तेव्हा अंधार होता. नाना माकडटोपी, मफलर, खाऊच्या दोन पिशव्या आणि चोरबाजारातून घेतलेली दुर्बीण अशा तयारीने आला होता. दुर्बिणीचा एक डोळा धुक्यातून पाहतो, दुसरा स्वच्छ पाहतो पण उलटा. पिशव्यांपैकी एकीत साबुदाण्याची खिचडी, दुसरीत आमच्यासाठी बटाटेवडे. शैलाकडे वही, पेन्सिल आणि चेहऱ्यावर वर्गावर जातानाचा भाव. दाजीकडे फक्त आत्मविश्वास. बोट लागू नये म्हणून नानाने निघताना अ‍ॅव्होमिनची एक गोळी घेतली होती. बंदरावरचा वास आल्यावर त्याने दुसरी घेतली. त्या गोळीने झोप येते हे शैलाने त्याला सांगितलं, पण तोपर्यंत ती पोटात पोचली होती.

नाखव्याने आम्हाला नारिंगी जाकिटं चढवली. नानाचं जाकीट मफलरवरून बंद होईना. मफलर काढायला नाना तयार होईना. शेवटी नाखव्याच्या पोराने दोरीने ते बांधलं आणि बोट सुटली.

बंदरातून बाहेर पडताना डोक्यावरून किनारी रस्ता सी-लिंकला मिळतो. खालून पाहिलं की त्या रस्त्याची खरी उंची कळते. वरून गाडीत बसून फक्त सी-लिंकचा टोल कळतो. नाखव्याने दोन खांबांकडे बोट दाखवलं. आधीच्या आराखड्यात खांबांत ६० मीटरचं अंतर होतं. वाऱ्यापाण्यात बोट त्यातून काढायची म्हणजे जीव मुठीत. वरळीचे कोळी त्यावरून वर्षं-वर्षं भांडले, बोटी आडव्या घालून काम अडवलं. २०२२ च्या अखेरीला एक खांब गाळून १२० मीटरचा गाळा द्यायचं ठरलं. आमच्या बोटीने तो गाळा मिनिटभरात ओलांडला. ‘या एका मिनिटासाठी एवढी वरसं,’ नाखवा म्हणाला आणि विडी पेटवली. मुंबईत राहून जागेसाठी भांडलेली पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत. पाण्यातल्या जागेसाठी भांडून जिंकलेला माणूस पहिल्यांदा पाहिला.

बाहेर आलो तसं उजाडायला लागलं आणि वेगळाच तंटा सुरू झाला. सूर्य शहराच्या मागून वर येत होता, त्यामुळे आख्खी मुंबई काळी दिसत होती. जन्मभर ज्या गावात राहिलो त्याच्यातली एक इमारत ओळखता येईना. दाजी म्हणाला, ते जुळे टॉवर आमच्या लालबागचे. शैला म्हणाली, ते लोअर परळचे. मी एखादी गिरणीची चिमणी दिसते का बघत होतो. १९८२ च्या संपाआधी परळची ओळखच चिमण्यांवरून व्हायची. कुठल्या गिरणीची कुठली हे आम्ही पोरं डोळे मिटून सांगायचो. आता जे उंच ते सगळं फ्लॅटचं.

‘माझी चाळ त्या टॉवरच्या बरोब्बर मागे,’ दाजी हात लांब करून म्हणाला.

‘दिसते?’

‘दिसत नाही. पण आहे.’

हाजीअली उजेडात आली तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. दर्ग्याची पांढरी भिंत पाण्यातून सरळ वर आलेली. रस्त्यावरून पाहताना दर्गा समुद्रात आहे असं वाटतं. समुद्रातून पाहताना बाकीची मुंबई पाण्यात उभी आहे असं वाटतं. पुढे महालक्ष्मी, ब्रीच कँडी, मग प्रियदर्शिनी पार्क. इथून जमिनीखाली दोन किलोमीटरचा बोगदा मलबार हिलच्या पोटातून थेट गिरगावला निघतो. ज्या यंत्राने तो खणला त्याचं नाव मावळा आणि तोंडाचा व्यास बारा मीटरच्या वर. शैलाने ही माहिती सांगितल्यावर नाना एकदम जागा झाला. ‘गिरगाव?’ त्याने विचारलं. ‘आलं?’ आलं नव्हतं. तो पुन्हा झोपला. ताडपत्रीला टेकून, तोंड उघडं, दुर्बीण छातीवर.

आता खरी कामगिरी सुरू झाली. नाखव्याने इंजिन मंद केलं आणि सांगितलं, ‘आता गप ऱ्हावा. तो आवाजाला लाजतो.’

गप्प बसणं हा प्रकार आमच्या चौघांच्या अभ्यासक्रमात कधी नव्हता. आम्ही एकमेकांना गप्प बसायला सांगू लागलो आणि त्यातच बराच वेळ गेला. मग दाजीला डॉल्फिन दिसू लागले. पहिला डॉल्फिन शहाळं निघाला. दुसरा जाळ्याचा बोया. तिसरा म्हणजे निर्माल्याची पिशवी, आणि ती कोणत्या वॉर्डातून आली असेल यावरही दोन मतं पडली. दर वेळी दाजी ‘तो बघा!’ म्हणून उभा राही, बोट कलंडे आणि नाखव्याचं पोर त्याला जाकिटाला धरून खाली बसवी. शैलाने वहीत तीन ओळी लिहून तिन्ही खोडल्या. तिच्या मते ज्याला स्वतःचा श्वास घ्यावा लागत नाही ते मोजायचं नाही.

‘नाखवा, रोज दिसतो का हो तो तुम्हाला?’ मी विचारलं.

‘दिसतो की. जाळ्यातली मासळी खातो ना. कवा कवा जाळ्यातच घावतो.’

मग काय करता, तर जाळं कापून त्याला सोडतो, असं तो म्हणाला. २०१८ पासून सरकार त्यासाठी जाळ्याची भरपाई देतं, २५ हजार रुपयांपर्यंत. डॉल्फिन, कासव, देवमुशी, जे कायद्याने संरक्षित ते सोडायचं आणि पुरावा म्हणून फोटो पाठवायचा. नाखव्याचं म्हणणं एवढंच की एका हातात सुरी, दुसऱ्या हातात जाळं, जाळ्यात दोनशे किलोचं जनावर आणि मोबाइल लुंगीत. फोटो काढायचा कोणी?

डॉल्फिन येईना. दाजीने बटाटेवड्यांची पिशवी उघडली आणि वडा खाता खाता मनात दाबून ठेवलेला विषय काढला. पेपरात अधूनमधून येतं ना, व्हेलच्या उलटीची तस्करी, कोट्यवधींचा माल, तिघे अटकेत. तर ती उलटी पाण्यावर तरंगते म्हणे. म्हणजे समजा, एखाद्याला चुकून दिसली...

‘समजू नकोस,’ शैला म्हणाली. ‘१९७२ चा कायदा आहे. घरात ठेवलीस तरी आत जाशील. आणि ती उलटी नाही.’

‘म्हणजे?’

शैलाच्या आवाजात तास सुरू झाला. हा पदार्थ स्पर्म व्हेलच्या पोटातला. हा देवमासा माकूल खातो. माकुलांच्या चोची पचत नाहीत, आतड्याला टोचतात. त्यांच्याभोवती मेणचट थर जमत जातो, त्याचा गोळा होतो. आधी त्याला भयंकर वास येतो, मग वर्षानुवर्षं उन्हापाण्यात फिरून तो सुगंधी होतो आणि परदेशात अत्तरात जातो. बाहेर पडायचा मार्ग मात्र तोंडाचा नसावा असंच बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

दाजीचा वडा तोंडापाशी थांबला. ‘मग कुठला?’

‘आतड्यानंतरचा.’

‘मग पेपरवाले उलटी का लिहितात?’

‘घरात लहान मुलं पेपर वाचतात, दाजी.’

दाजीने उरलेला वडा कागदात गुंडाळून ठेवला. त्यानंतर त्याने त्या उद्योगाचं नाव काढलेलं नाही.

आम्ही मलबार पॉइंटच्या जवळ आलो होतो. टोकावर झाडीत राजभवन, त्याच्यापलीकडे वळलं की समोर चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह. नानाला उठवून त्याचं गिरगाव दाखवावं का, अशी चर्चा चालू असतानाच एक करड्या रंगाची बोट सरळ आमच्याकडे येताना दिसली. नाखव्याने लगेच इंजिन बंद केलं. ‘गस्त,’ तो म्हणाला. ‘मोबाईल खिशात ठेवा. तिकडं राजभवन हाय.’

आम्ही मोबाइल खिशात ठेवले. गस्तीच्या बोटीनेही इंजिन बंद केलं आणि ती आमच्या शेजारी येऊन हलू लागली. २६/११ नंतर या पाण्यात कोण कुठे कशासाठी फिरतंय हे विचारलं जातं, आणि विचारलंच पाहिजे. बोटीचे कागद झाले. नाखव्याचं ओळखपत्र झालं. मग आमची आधार कार्डं. एक तरुण शिपाई एकेक कार्ड हातात घेऊन फोटो आणि तोंड ताडून पाहू लागला. आधार कार्डावरच्या फोटोशी मुंबईत कोणाचंच तोंड जुळत नाही. त्याला बराच वेळ लागत होता.

‘हे काय आहे?’ त्याने ताडपत्रीकडे पाहत विचारलं.

‘नाना,’ दाजी म्हणाला.

‘यांना काय झालंय?’

‘अ‍ॅव्होमिन.’

शिपायाने तो शब्द मनात तपासला. ‘आणि इकडे कशासाठी?’

आमच्यातलं कोणीच बोलेना. साठीला टेकलेल्या माणसांनी पहाटे उठून जाकिटं घालून डॉल्फिन बघायला आलो म्हणून पोलिसांना सांगायचं म्हणजे जरा कठीणच. शेवटी शैलाने सांगितलं. शिपायाने मान वर केली. ‘दिसले?’

‘नाही.’

‘आम्हाला तर रोज दिसतात,’ तो म्हणाला आणि माझं कार्ड उजेडात धरून पुन्हा पाहू लागला.

दोन्ही इंजिनं बंद. कार्ड तपासून होईपर्यंत बोलायची कोणाची छाती नाही. रुपारेलमध्ये प्राचार्यांसमोर उभं केलं होतं तेव्हासुद्धा आम्ही इतके शांत नव्हतो. बोटीला लागणारं पाणी ऐकू येत होतं, लांब कुठेतरी पाखरू आणि नानाचं घोरणं. आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागे, अगदी जवळ, कोणीतरी जोरात श्वास सोडला. फुस्स.

आम्ही वळलो. पाण्यातून आधी एक लांब चोच वर आली. मग करडी पाठ, पाठीवर मांसल उंचवटा आणि त्या उंचवट्यावर बसवलेला छोटासा पर. सगळं सावकाश, कसलीही घाई नसल्यागत पुढे सरकलं आणि आत गेलं. शिंतोडा नाही, उडी नाही. तेवढ्यात त्याच्या बाजूला दुसरं वर आलं, निम्म्या आकाराचं, जरा उजळ. पिल्लू. त्याने आईपेक्षा बारीक फुस्स केलं. मग पाणी होतं तसं झालं.

शिपायाच्या हातात माझं आधार कार्ड तसंच होतं. तोही तिकडेच बघत होता. रोज दिसतात म्हणणाराही वळून पाहतो, हे मी लक्षात ठेवलं आहे.

‘मोबाईल!’ दाजी ओरडला. मोबाइल खिशात, खिसा जाकिटाच्या आत, जाकीट घट्ट बंद. आणि समोर राजभवन. एकाचाही फोटो आला नाही.

मग संख्येचा वाद. दाजीच्या मते चार, शैलाच्या वहीत दोन, माझे अडीच. शैलाने सांगितलं की हा हंपबॅक डॉल्फिन, हिंदी महासागरातल्या किनाऱ्यांचा रहिवासी. हा सहसा खोल समुद्रात जात नाही, किनाऱ्याला चिकटून उथळ पाण्यातच राहतो, आणि म्हणूनच जगात जिथे जिथे आहे तिथे अडचणीत आहे, कारण किनाऱ्याला चिकटूनच बंदरं, जाळी, भराव आणि गटारं. जागतिक यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. टीव्हीतल्या डॉल्फिनसारखं हवेत कोलांट्या मारणं त्याच्या स्वभावात नाही. तो फक्त श्वास घ्यायला वर येतो आणि आपल्या कामाला जातो. मला तर हे जनावर पक्कं मुंबईकर वाटलं. जागा वाईट आहे, गर्दी आहे, पाणी घाण आहे, तरी सोडून जायचा विचार नाही, आणि भेटलं तरी थांबून गप्पा नाहीत.

गस्तीच्या बोटीने आम्हाला परत फिरायला सांगितलं आणि नाखव्यालाही तेच हवं होतं. भरती होऊन गेली होती. परतताना समोर प्रियदर्शिनी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी फिरायला आलेली माणसं दिसत होती. त्यांची तोंडं आपापल्या मोबाइलकडे होती. आम्हाला त्यांना हाका मारून सांगावंसं वाटलं, पण इतका अधिकार एका पिल्लाच्या फुस्सवर येत नाही.

वरळीला मावशींनी ओल्या बोंबलांची थाळी तयार ठेवली होती. रव्यात घोळवलेले, बाहेरून कुरकुरीत आणि आत हाताळताच तुटणारे. बंदराला लागताना नाना जागा झाला होता आणि मावशींच्या ओट्यावर बसून साबुदाण्याची खिचडी खात होता. बोंबलांचा वास त्याच्याकडे जात होता आणि तो सात्त्विक चेहऱ्याने तो येऊ देत होता. उपासाला वास चालतो असं त्याने धर्मशास्त्रातून काढलं. मग त्याने एकेकाला खोदून विचारलं. चोच आधी की पर आधी? पिल्लू डावीकडे की उजवीकडे? आवाज कसा? मला वाटलं, बिचारा चुकल्याची हळहळ करतोय.

त्याच दिवशी संध्याकाळी ग्रुपवर नानाने भाच्याला पाठवलेला आवाजी संदेश आला. चांगला साडेचार मिनिटांचा. त्यात राजभवनापुढचं आरशासारखं पाणी होतं, पोलिसांची बोट होती, चोच होती, कुबड होतं, ‘आणि मग काय सांगू, त्या चिमुरड्याने माझ्याकडे वळून पाहिलं’ हेही होतं. इतकं सुंदर वर्णन आमच्यापैकी जागं असलेल्या कोणालाही करता आलं नसतं. भाच्याने उलट विचारलं, फोटो कुठेय? नानाने उत्तर दिलं, ‘आमच्याकडे सुरक्षेच्या कारणास्तव फोटोला परवानगी नाही.’ गेले काही दिवस दाजी याच वाक्याने सगळ्यांना गप्प करतो. लालबागमध्ये सध्या सात डॉल्फिन झाले आहेत.

तुम्हाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, समुद्र शांत असताना जा. बोट नसली तरी चालेल. वरळी सी-फेस, प्रियदर्शिनी पार्क किंवा वाळकेश्वरच्या टोकावरून नजर खाली ठेवली तरी नशिबात असेल तर दिसतो. बोटीने गेलात तर बोटवाल्याला ‘जवळ घ्या, अजून जवळ घ्या’ म्हणू नका, मागे लागलात तर तो बुडी मारून लांब निघतो आणि पिल्लू असेल तर त्याची फरफट होते. इंजिन बंद करायला सांगा. त्याला श्वासासाठी दर काही मिनिटांनी वर यावंच लागतं. तेवढा वेळ तोंड मिटून बसा. ते जमत नसेल, आणि बहुतेकांना जमत नाही, तर मलबार पॉइंटच्या बाजूला जा आणि खिशात आधार कार्ड ठेवा.